पाकिटावर चिडाचे बन, आत उसाची बुरशी

गेल्या वर्षी जूनमध्ये शाहूपुरीतील एका कृषी सेवा केंद्रातून मी मायकोरायझा भुकटीचे, म्हणजे झाडांच्या मुळांशी सोयरीक जुळवून राहणाऱ्या बुरशीच्या भुकटीचे, १०० ग्रॅमचे पाकीट घेतले. पाकिटावर चिडाच्या (हिमालयातल्या पाइनच्या) बनाचे चित्र आणि त्याखाली ‘सर्व झाडांसाठी उपयुक्त’ ही ओळ होती. कसौलीहून आणलेल्या बियांपासून उगवलेली चिडाची सहा रोपे कळंब्यातील आमच्या परसात वर्षभर वीतभर उंचीवरच अडकली होती आणि त्यांच्या सुया पिवळ्या पडत चालल्या होत्या, म्हणून त्या चित्रावर विश्वास ठेवून मी ते पाकीट उचलले.

उसाच्या बाबतीत या भुकटीने आपले काम केले. को ८६०३२ या उसाच्या वाणाच्या रोपांच्या दोन ट्रेपैकी एकाच ट्रेच्या कोकोपीटमध्ये मी ती मिसळली होती. लावणीच्या वेळी त्या ट्रेमधील रोपे मुळांच्या घट्ट गड्ड्यासह अलगद निघाली, तर दुसऱ्या ट्रेमधील कोकोपीट हातातच सुटत होते. उसासाठी मी हे पाकीट पुन्हा घेईन. मात्र मातीत स्फुरद भरपूर असेल तर या बुरशीचा उपयोग कमी होतो, आणि कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्या मुळांशी तिची सोयरीक जुळतच नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

चिडाच्या रोपांवर मात्र चार महिन्यांत काहीही परिणाम दिसला नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘ग्लोमस’ असे छापलेले होते, आणि खरे उत्तर तिथेच होते. ग्लोमस ही बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरून झुडपासारख्या फांद्या पसरते. चीड व देवदार यांना लागणारी बुरशी पेशींच्या आत न जाता मुळाच्या टोकावर म्यान चढवते आणि पेशींच्या मधून जाळे विणते. आपल्या नर्सऱ्यांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकला जाणारा आरोकेरियाही सूचिपर्णीच, पण त्याला ग्लोमसच्या जातकुळीचीच बुरशी चालते. फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने मायकोरायझा हे नाव १८८५ मध्ये दिले. इतक्या वर्षांनंतरही पाकिटाच्या दर्शनी बाजूला बुरशीचा प्रकार छापला जाऊ नये, हे मला फार खटकते. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर पाइनच्या लागवडी फसत राहिल्या आणि पाइनखालची माती बाहेरून आणल्यावरच त्या रुजल्या. चीड सह्याद्रीतला नव्हे, त्यामुळे त्याची सोबतीण बुरशी कळंब्याच्या मातीत आपोआप भेटेल अशी आशा धरणेच चूक होते.

दिवाळीत बहिणीने कसौलीच्या चिडाखालची ओंजळभर कुजकी माती आणली आणि ती मी तीन कुंड्यांत मिसळली. यंदाच्या पावसाळ्यात त्या तिन्ही रोपांच्या सुया हिरव्यागार झाल्या. एक कुंडी उलटी करून भिंगाखाली पाहिले, तेव्हा आखूड मुळांची टोके बेचक्यासारखी दुभंगलेली होती आणि त्यांच्यावर पांढरट म्यान चढलेले होते. भुकटी दिलेल्या पण ही माती न मिळालेल्या उरलेल्या तीन रोपांच्या मुळांवर असे एकही बेचके नव्हते.