जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स वाढवायचं की लॅपटॉपच बदलायचा? आधी मागचं झाकण उघडा

मे महिन्यात तारकर्लीहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन दुकानात आला. घरचा होमस्टे आहे. पाहुण्यांना स्कूबाला नेतो, पाण्याखाली त्यांचं शूटिंग करतो आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ कापून हातात देतो. लॅपटॉप टेबलावर ठेवत म्हणाला, "काका, ह्येच्यात नवीन ग्राफिक कार्ड बसात काय?"

कुडाळात लॅपटॉप दुरुस्त करताना हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये बसत नाही, हे त्याचं सरळ उत्तर. डेस्कटॉपमध्ये कार्ड सुटं असतं, स्क्रू काढला की हातात येतं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स एकतर प्रोसेसरच्याच पोटात असतं, नाहीतर वेगळी चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. काही जुन्या जाडजूड वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये एमएक्सएम नावाचं सुटं कार्ड यायचं, पण त्याला जुळणारं कार्ड, तसाच हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि ते ओळखणारा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) हे सगळं एकत्र मिळणं कठीण. मिळालंच तर ते बहुधा एनव्हिडिया कंपनीच्या मॅक्सवेल किंवा पास्कल या जुन्या पिढीचं असतं, आणि त्यांचे नेहमीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. त्या वाटेला जाऊ नका.

म्हणजे निवड करायची ती अशी: एका बाजूला जुना लॅपटॉप साफ करून, रॅम आणि एसएसडी टाकून त्याच्याच ग्राफिक्सकडून जास्त काम काढून घेणं, आणि दुसऱ्या बाजूला वेगळं ग्राफिक्स असलेला नवा घेणं. पुण्या-मुंबईकडचे सल्ले मॉडेलचं वर्ष बघून यातलं एक निवडायला सांगतात. आपल्याकडे कोकणात मी बोर्ड बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

त्याचं कारण आहे मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच लॅपटॉपच्या आत होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ही पातळी रोजच ओलांडली जाते. पंख्याने खाऱ्या वाऱ्यासोबत आत ओढलेलं मीठ बोर्डवर बसतं, ओलं होतं, त्यातून वीज वाहते आणि तांबं हिरवं पडायला लागतं. लाटांपासून शंभर पावलांवरच्या घरातला चार वर्षांचा लॅपटॉप मला कणकवलीतल्या आठ वर्षांच्या लॅपटॉपपेक्षा म्हातारा दिसलेला आहे. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही: रोज चालणारा लॅपटॉप गरम होऊन आतून कोरडा राहतो, पण पावसाळाभर कपाटात बंद करून ठेवलेला लवकर मरतो.

त्या मुलाचा लॅपटॉप मी त्याच्यासमोरच उघडला. दहा स्क्रूंपैकी दोन गंजून गेलेले, त्यांची डोकी ड्रिलने कापावी लागली. पंख्याच्या जाळीवर धूळ नव्हती, तिथे ओलसर, चिकट गोधडीच बसली होती. बोटाला लागली तर खारट वास आला. प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. चार्जिंग पिनच्या मागे, जिथून वीज बोर्डवर शिरते तिथे, मोहरीएवढे तीन हिरवे ठिपके. कीबोर्डच्या पट्टीजवळ आणखी एक.

हे असं झाकण उघडून बघायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बोर्ड स्वच्छ असेल तर जुन्यावर खर्च करायला हरकत नाही. एक-दोन ठिपके असतील आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून निघाले, खाली तांबं शाबूत असलं, तरीही चालेल. पण विजेच्या वाटेवर हिरवं पसरलं असेल तर त्या बोर्डवर एक रुपयासुद्धा टाकू नका. कोणी चिप तापवून, रिबॉल करून (म्हणजे तिच्या खालचं सोल्डर नव्याने घालून) देतो म्हणाला तरी नको. माझ्या अनुभवात ते काम काही महिने टिकतं आणि नेमकं सीझनमध्ये बंद पडतं.

आता समजा बोर्ड चांगला निघाला. मग नेमकं कुठे अडतंय ते बघा. तुमचं सगळ्यात जड काम सुरू करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर काय शंभर टक्क्यांना टेकतंय ते बघत बसा. माझ्याकडे "ग्राफिक कमी पडतंय" म्हणून येणाऱ्यांमध्ये डिस्क शंभरवर असते किंवा मेमरी भरलेली असते, असेच जास्त. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. त्याच पानावर मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. दोनपैकी एकच भरलेला असेल, तर तुमचं ग्राफिक्स पूर्ण ताकदीवर चालत नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवर जगतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याची वाट दुप्पट रुंद होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई नावाचं ग्राफिक्स असतं त्यांना एकच पट्टी दिली तर विंडोज त्याचं नावच साधं यूएचडी असं दाखवतं, दुसरी टाकली की आयरिस एक्सई. नवी चिप न बसवता ग्राफिक्स वाढवायचा लॅपटॉपमधला हाच खरा मार्ग. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे, तरीही नव्या लॅपटॉपपुढे हा खर्च किरकोळच.

साफसफाई आणि नवी पेस्ट हे फुटकळ काम समजू नका. ९५ अंशांवर तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो आणि त्यासोबत ग्राफिक्सही खाली येतं. किनाऱ्यावर हे दरवर्षी करावं, पावसाळा संपल्यावर.

बाहेरून लावायचं कार्ड, म्हणजे ईजीपीयू, याबद्दलही मुलं विचारतात. लॅपटॉपला थंडरबोल्ट ३ किंवा त्यापुढचं पोर्ट असेल तरच विचार करा. यूएसबी-सीचा आकार तोच असला तरी प्रत्येक पोर्ट थंडरबोल्ट नसतं. खोका आणि पॉवर सप्लाय मिळून बऱ्याचदा कार्डाएवढेच पैसे जातात, आणि डेस्कटॉपच्या सोळाऐवजी डेटाला चारच लेन मिळतात. त्यापेक्षा तेवढ्या पैशांत थोडी भर घालून डेस्कटॉप जोडावा. घरी एका जागी बसून काम करणाऱ्याला तो उत्तमच, कारण त्यात कार्ड पुढेही बदलता येतं. फक्त चांगला यूपीएस हवा आणि कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीत नको.

जुन्याच्या विरोधात एक मोठा मुद्दा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. सातव्या किंवा आधीच्या पिढीच्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार आणि होमस्टेचं बुकिंग होत असेल, तर बोर्ड कितीही चकचकीत असला तरी मी रॅम विकणार नाही. लिनक्सवर जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

नवा घेताना "आरटीएक्स" हे ग्राफिक्स चिपचं नाव बघून भुलू नका. आरटीएक्स ४०५० हीच चिप लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवलेली असते. नाव एकच, काम वेगळं. वॉटचा आकडा दुकानदाराकडून मागून घ्या. व्हिडिओवाल्यांनी ग्राफिक्सची मेमरी किमान ६ जीबी बघावी, कारण ४ जीबीवर डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर फोर-के व्हिडिओला मेमरी भरल्याची तक्रार करतं. रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेलं मॉडेल घ्या. आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा, नाहीतर दर वेळी कोल्हापूर नाहीतर गोवा. लाईट गेल्यावर असे लॅपटॉप बॅटरीवर ग्राफिक्सचा जोर कमी करतात, म्हणून जुलैत व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा तर इन्व्हर्टरवर दीडशे-दोनशे वॉटची जागा ठेवावी लागेल.

कामाप्रमाणे बोलायचं तर ऑटोकॅडमध्ये घराचे सपाट नकाशे काढणाऱ्याला वेगळ्या ग्राफिक्सची गरज नाही, त्याने जुन्यावरच रॅम आणि एसएसडी टाकावी. ल्युमियनमध्ये बंगल्याचं चालतं-फिरतं दृश्य बनवणाऱ्याने नवाच घ्यावा. मधला आहे तो व्हिडिओवाला. त्याने आधी प्रॉक्सी वापरून बघाव्यात. सॉफ्टवेअर मोठ्या फाइलची हलकी प्रत बनवतं, कापाकापी तिच्यावर होते, शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ फाइलमधूनच निघतो. याला पैसे लागत नाहीत. टेन-बिट एचईव्हीसी, म्हणजे जास्त दाबून साठवलेली व्हिडिओ फाइल, सहाव्या पिढीचं इंटेल पूर्णपणे हार्डवेअरने उलगडू शकत नाही, तिथे तर प्रॉक्सीशिवाय गाडी हलत नाही.

तारकर्लीच्या मुलाचा लॅपटॉप आठव्या पिढीचा होता, एसएसडी होती, रॅमची एकच पट्टी. बोर्ड स्वच्छ असता तर मी दुसरी पट्टी टाकून त्याला घरी पाठवला असता. ते तीन ठिपके बघून मी नाही म्हटलं. साफ केलं, पेस्ट बदलली, प्रॉक्सी कशा बनवायच्या ते शिकवलं आणि सांगितलं की ह्याच्यावर आता खर्च करू नको, गणपतीपर्यंत ओढ. त्याचा काका मुंबईला असतो, गणपतीला गावी येताना तो नवा घेऊन येणार आहे. कुठलं मॉडेल, ते आम्ही दोघांनी वॉटचा आकडा बघून कागदावर लिहून दिलंय. जुन्यातली एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घालायची, म्हणजे शूटिंगचा बॅकअप ठेवायला होईल. डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ती वरच्या फळीवर ठेव, असं त्याच्या आईला फोनवर सांगितलं.