जीपीएस घड्याळ: अंतर पक्कं, पट्टा बेकार

नवी पेठेतून घेतलंय, सिद्धेश्वर तलावाकडं पळायला जाताना घालतो, अंतर एकदम बरोबर दाखवतंय की ओ. आणि हे साधं काम नाही बरं का, जागा सॅटेलाइटच्या सिग्नलच्या वेळेवरनं काढतात, अन् साधारण २०,२०० किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून सॅटेलाइटमधलं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक) पुढं जातं, वेगामुळं ७ मागं पडतं, म्हणजे नेट ३८ पुढं, आणि हे ॲडजस्ट केलं नाही तर लोकेशन दिवसात १० किमीच्या आसपास गंडेल, मी तलावावर आन् मॅपवर पार गावाबाहेर! आइन्स्टाइननं १९१५ ला मांडलेली व्यापक सापेक्षतेची थिअरी मनगटावर चालतीय, लई भारी. पट्टा मात्र उन्हाळ्यात घामानं चिकटतो, बॅटरी ठीकठाक. चार स्टार.