क्वायरचा पार्ट घरी बसवायचाय: तयार ऑडिओ की साउंडस्लाइस?

क्वायरच्या डिसेंबरच्या कॉन्सर्टला हँडेलची 'मसाया' ही मोठी समूहगानाची रचना ठरली की नवीन आलेले टेनर-बेसवाले, म्हणजे पुरुषांच्या वरच्या-खालच्या आवाजांतले, हमखास विचारतात, प्रॅक्टिस कशावर करू. माझ्या मते वेबवर खरी निवड दोनांतच आहे. एक तर सायबरबास किंवा कोरालिया या साइटवरचे तयार पार्ट, म्हणजे एकेका आवाजाच्या ओळीचे ऑडिओ, घ्या, नाहीतर सीपीडीएल म्हणजे कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीवरून म्युझिकएक्सएमएल फाइल (कॉम्प्युटरला वाचता येणारं नोटेशन) उतरवून साउंडस्लाइस या नोटेशन वाजवून दाखवणाऱ्या साइटमध्ये टाका. मी दोन्ही वापरलंय.

तयार पार्टांचं सुख आहेच. आपला आवाज निवडा, प्ले दाबा, झालं. सायबरबासवर आपला पार्ट ठळक आणि बाकीचे मागे बारीक वाजतात, कोरालियावर तर कॉम्प्युटर चक्क शब्दांसकट गातो. तो आवाज ऐकून घरचे हसतात ते सोडा, पण कुठलं अक्षर कुठल्या सुरावर पडतं ते पक्कं कळतं, आणि ज्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही त्यांना हाच रस्ता बरा. लोकलमध्ये कानात घालायलाही हेच.

माझं घोडं अडलं ते 'फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न'मध्ये. त्या 'बॉर्न'वर जी लांबलचक धावती तान आहे ना, ती. हँडेलने हे संगीत १७४१ मध्ये आधी दोन सोप्रानोंच्या, म्हणजे बायकांच्या उंच आवाजांच्या, एका इटालियन ड्युएटसाठी केलं आणि त्याच वर्षी 'मसाया'त आणलं, तेव्हा आमच्यासारख्या जाड गळ्यांना तिथे धाप लागली तर नवल नाही. ही तान बसवायची म्हणजे तेवढेच बार (नोटेशनमधले उभ्या रेघांनी पाडलेले तालाचे तुकडे) पुन्हा पुन्हा, संथ लयीत. आणि ऑडिओ फाइलला बार नंबर नसतात! फोनवर अंगठ्याने स्लायडर ओढायचा, तो पुढे निसटतो, मागे ओढला की पार आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गायला सुरू करतात त्या एन्ट्रीवर जाऊन बसतो, मग तेवढं सगळं ऐकत थांबायचं आणि आपली जागा आली की परत तेच. यात कुठल्या साइटचा दोष नाही, ऑडिओ म्हटलं की हे आलंच, पण रोज दमून घरी आल्यावर एवढ्याशा कटकटीने माणूस प्रॅक्टिस सोडून देतो.

साउंडस्लाइसमध्ये नोटेशनवर जेवढे बार ओढून धरले तेवढेच लूप होतात. स्पीड कमी केला तरी सूर हलत नाही, आणि प्रत्येक पार्टचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, त्यामुळे नंतर आपला पार्ट बंद ठेवून बाकी तिघांसोबत गाऊन बघता येतं. इथे मला फरक पडला, तुमचं वेगळं असू शकतं.

कटकटी इथेही आहेत. सीपीडीएलवर काही एडिशन्सची नुसती पीडीएफच असते, आणि हल्लीच्या कॉपीराइटमधल्या रचना तिथे बहुतेक मिळत नाहीत. शब्द दिसतात पण गायले जात नाहीत. फाइल हातातल्या छापील कॉपीशी ताडून बघा, नाहीतर कंडक्टर एक बार सांगणार आणि तुम्ही दुसराच घोकणार. फक्त एखादं सोपं कॅरोल असेल तर एवढा खटाटोप कशाला, तयार ऑडिओ पुरे.

आणि हो, लूप लावताना एन्ट्रीच्या आधीचा एक बार धरून लावा, श्वास घ्यायला जागा राहते.