जुन्या कम्प्युटरवर अँटिव्हायरस अपडेट होत नाही म्हणून कस्टमर केअरचा नंबर शोधताय? आधी आमचा अनुभव वाचा

नागपुरात अजून कितीतरी दुकानांत, अडतीवर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विंडोज सेव्हनचे जुने कम्प्युटर चालू आहेत, टॅली चालते, बिलं निघतात, म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही. अशा सगळ्यांनी हे पूर्ण वाचा आणि तुमच्याकडे जे वयस्कर माणूस कम्प्युटरवर बसतं त्यांनाही वाचून दाखवा. आमच्या ऑफिसातून ५१,४९९ रुपये गेले आणि जे घेऊन गेले ते एकदाही दुकानाची पायरी चढले नाहीत.

मी कळमना मार्केटला एका अडत्याकडे अकाउंट बघतो. ऑफिसातला कम्प्युटर जुना, दोन जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज सेव्हन. बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून घेतलेला ओरिजिनल अँटिव्हायरस त्यात आहे, बिल आहे, खोका आहे, लायसन्स संपायला बरेच महिने होते. कम्प्युटरचा त्रास एकच, मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ लक्षात ठेवणारा सेल उतरलेला. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात, मग सकाळी कम्प्युटर सुरू केला की तारीख सरळ २००९ सालची. तारीख मागे गेली की अँटिव्हायरसचा अपडेट होत नाही, लाल पट्टी येते, आणि ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही कारण साइटचं सर्टिफिकेट त्या तारखेला वैध दिसत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळावर जाऊन तारीख नीट केली की दोन मिनिटांत सगळं सुरळीत. हे मी रोज सकाळी करायचो.

बहिणीच्या लग्नासाठी मी काटोलला गेलो तेव्हा कम्प्युटर मुनीमजींकडे होता. मुनीमजी साठीच्या पुढचे, हिशोबात एक पैशाची चूक नाही, टॅली उत्तम येते, पण कम्प्युटरच्या आतलं त्यांना माहीत असायचं काही कारणच नाही. सकाळी लाल पट्टी दिसली, नेट चालेना, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या करायच्या होत्या, बाहेर लोक थांबलेले. मला लग्नघरात कशाला त्रास द्या म्हणून त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर अँटिव्हायरसचं नाव टाकून कस्टमर केअर नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला. तो कंपनीचा नव्हताच. पैसे भरले की कोणाचीही जाहिरात वर येते, आणि हे लोक कंपन्यांच्या नावाने नंबर टाकून वाटच बघत असतात की कोणीतरी घाईत शोधेल.

आता पुढचं नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. फोनवरच्या माणसाने पहिलं काम कोणतं सांगितलं, तर तारीख नीट करा. मुनीमजींनी केली, आणि नेट लगेच सुरू झालं! झालं, मुनीमजींचा विश्वास बसला की माणूस जाणकार आहे, खरा इंजिनिअर आहे. खरं म्हणजे फोन तिथेच ठेवला असता तर अँटिव्हायरस स्वतःहून अपडेट होऊन हिरवा झाला असता, बाकी काही बिघडलेलंच नव्हतं. त्या माणसालाही हे माहीत असणार, म्हणूनच त्याने श्वास घ्यायला वेळ दिला नाही. लगेच रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर विचारून घेतला, स्क्रीनवर त्याचा माऊस फिरायला लागला, आणि सगळ्यात आधी त्याने आमचा चालू असलेला अँटिव्हायरस काढून टाकला. म्हणे हा करप्ट झाला आहे.

रिमोटचं सॉफ्टवेअर वाईट नसतं, एनीडेस्क असो की टीमव्ह्युअर, आमचा टॅलीवाला पण तेच वापरतो. पण ते दिलं म्हणजे समोरच्याला तुमच्या खुर्चीत बसवलं, हे डोक्यात असू द्या.

मग त्याने भीती घातली. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्युअर नावाचं एक खातं असतं, ते उघडून त्याने लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण दाखवले, खाली सरकवत नेलं, शेकडो. म्हणे हे सगळे व्हायरस. अहो, इव्हेंट व्ह्युअर म्हणजे विंडोजची रोजकीर्द आहे, प्रिंटर बंद होता, एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, लाईट गेली म्हणून कम्प्युटर अचानक बंद पडला, सगळ्याची त्यात नोंद होते. ज्या ऑफिसात रोज मेन स्विच पडतो तिथे लाल फुल्या असणारच. मी नंतर घरच्या नवीन लॅपटॉपवर उघडून बघितलं, त्यातही फुल्यांची रांग, आणि लॅपटॉप ठणठणीत आहे. तुम्ही आत्ता बघा, विंडोजचं बटण आणि आर दाबून eventvwr टाईप करा, कस्टम व्ह्यूजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स उघडा. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवलं की पुढे कोणी दाखवलं तर घाबरणार नाही.

दुसरं त्याने काळी खिडकी उघडून नेटस्टॅट कमांड चालवली. त्यात एका रकान्याचं नाव फॉरेन ॲड्रेस असतं. तो म्हणाला, देखिए सर, फॉरेन के लोग आपके कम्प्युटर में बैठे हैं. तिथे फॉरेन म्हणजे फक्त पलीकडचा कम्प्युटर, मग तो मुंबईतला सर्व्हर असो की तुमच्याच ऑफिसातला प्रिंटर. मुनीमजींना कसं कळणार? त्यांच्यासमोर कम्प्युटर स्वतः लिहून दाखवत होता.

मला सगळ्यात राग याचाच येतो. त्या माणसाने स्क्रीनवर खोटं काहीच दाखवलं नाही. तारीख खरोखर चुकलेली होती, फुल्या खरोखर होत्या, फॉरेन हा शब्द खरोखर लिहिलेला होता. अर्थ तेवढा त्याने स्वतःचा सांगितला आणि त्या अर्थाचे ६,४९९ रुपये घेतले, पाच वर्षांची नेटवर्क सिक्युरिटी म्हणून. पैसे यूपीआयने, कोणत्यातरी माणसाच्या नावावर. कंपनीचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, बिल ईमेलवर येईल म्हणाला ते अजून येऊन राहिलं आहे. आणि टाकलं काय, तर एक मोफत मिळणारी ट्रायल आवृत्ती. मी परत आल्यावर त्याची अबाउटची खिडकी उघडली तेव्हा तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, ट्रायल, ३० दिवस. पाच वर्षं कुठेच नाही.

इथवर थांबलं असतं तरी ठीक होतं म्हणा. पण रिमोटचं सॉफ्टवेअर त्याने जाताना काढलं नव्हतं, उलट परवानगी न विचारता आत येता येईल असा पासवर्ड लावून ठेवला होता. काही दिवसांनी परत फोन. आता म्हणे आमच्या कंपनीने विंडोज सेव्हनची सर्व्हिस बंद केली, तुमचे ५,००० रुपये परत करायचे आहेत, नेट बँकिंग उघडून बसा. मुनीमजींनी उघडलं. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबलं की पानावर दिसणारा कोणताही आकडा तेवढ्यापुरता बदलता येतो, बँकेच्या सर्व्हरला त्याचा स्पर्शही होत नाही, पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो. त्याने तेच केलं. बॅलन्स ५०,००० ने वाढलेला दाखवला आणि लगेच रडायला लागला, सर एक शून्य ज्यादा लग गया, मेरी नौकरी चली जाएगी, ४५,००० वापस कर दीजिए. मुनीमजींनी परत केले. म्हणजे शेठजींच्या खात्यातले ४५,००० रुपये पाठवले, कारण आलं तर काहीच नव्हतं.

मी आल्यावर स्टेटमेंट काढलं आणि मुनीमजींना विचारलं, काऊन हो, पाठवायच्या आधी शेठजींना एक फोन काऊन नाही केला? ते म्हणाले, "बाबू, तो पोट्टा फोनवर रडून राहिला होता. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे कसा ठेवू?" चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवलेला माणूस आहे तो. त्यांच्या त्याच प्रामाणिकपणावर त्या चोरांनी हात मारला. कृपा करून कोणी त्यांना भोळे किंवा मूर्ख म्हणू नका.

पहिले मी नेटची वायर उपटली, मग १९३० लावला. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे, तोंडपाठ करा. ते विचारतात पैसे कधी गेले, कोणत्या बँकेतून, व्यवहाराचा यूटीआर नंबर काय, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं कोणतं. हे सगळं हाताशी ठेवूनच फोन करा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि जिथे सापडतील तिथे होल्ड लावला जातो, त्यात प्रत्येक तास मोलाचा. आमचे ४५,००० मधले काही होल्ड झाले, पहिले ६,४९९ केव्हाच काढून घेतलेले होते. होल्ड झालेले पैसे पण आपोआप परत येत नाहीत, त्याला अर्ज, पोलिसांचा रिपोर्ट, कधी कधी कोर्टाचा आदेशही लागतो, आम्ही अजून त्यातच आहोत. नॅशनल सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवली, सायबर पोलीस ठाण्यात लेखी दिली. दुसऱ्याचं रूप घेऊन कम्प्युटरवरून फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

बँकेबद्दल एक गोष्ट सांगतो कारण पुष्कळ लोक चुकीची आशा धरतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं सगळे सांगतात. पण ते ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे ओटीपी टाकून पैसे आपल्याच माणसाने पाठवले, त्यामुळे बँकेने हात वर केले. म्हणजे चोर तुमच्याच हातून का पाठवून घेतात ते समजलं असेल.

कम्प्युटरचं म्हणाल तर सगळे पासवर्ड, ईमेल, बँक, जीएसटी पोर्टल, मी दुसऱ्या मशीनवरून बदलले, या मशीनवरून नाही. टॅलीचा डेटा बाहेर काढला, रिमोट काढलं, ट्रायल काढली, आणि शेवटी हार्ड डिस्क फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं, कारण त्यांनी अजून काय ठेवलं असेल ते कळायला मार्ग नाही. सेल बदलला. सीआर २०३२, घड्याळजीकडे पण मिळतो, चहा-समोस्याच्या पैशात येतो. त्या सेलपायी एवढं रामायण!

मग आमचा खरा अँटिव्हायरस परत टाकायला गेलो तर सेटअप अडला. याची माहिती पण देऊन ठेवतो, कारण नेमकं इथेच लोक वैतागून परत नंबर शोधायला जातात. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या अपडेटची डिजिटल सही शा-२ पद्धतीची केली आणि अँटिव्हायरस कंपन्याही त्याच सहीवर आल्या, नवीन टाकलेल्या सेव्हनला ती सही ओळखताच येत नाही. आधी सर्व्हिस पॅक १ पाहिजे, मग मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या साइटवरून केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन पॅच, ३२ बिट की ६४ बिट ते बघून. ते टाकून रीस्टार्ट केलं की सेटअप पुढे सरकला. जुनीच लायसन्स की चालली, संपायची तारीख पण तीच, उरलेले महिने जसेच्या तसे. नेट लावायचं नसेल तर बहुतेक कंपन्या ऑफलाईन अपडेटची फाईल देतात, ती दुसऱ्या कम्प्युटरवर घेऊन पेनड्राईव्हने टाकता येते. आणि एकावर एक दोन अँटिव्हायरस ठेवू नका, दोन जीबी रॅममध्ये मशीन रांगायला लागतं.

एवढं करूनही शेठजींना मी सांगितलं की यावर आता बँक उघडायची नाही. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमने पण २०२३ मध्ये त्याची साथ सोडली, आणि विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँटिव्हायरस कितीही ताजा असला तरी खालचं विंडोजच उघडं असेल तर तो किती पुरणार? आता बँकेचं आणि जीएसटीचं काम नवीन लॅपटॉपवर, जुन्यावर फक्त टॅली, नेटची वायर काढून.

नंबर पाहिजेच असेल तर अँटिव्हायरसच्या खोक्यावर छापलेला असतो, नाहीतर प्रोग्राम उघडून हेल्प किंवा सपोर्टमध्ये असतो. तिथला घ्या. आणि स्क्रीनभर भोंगा वाजवत व्हायरस आला, या नंबरवर फोन करा असं पान आलं तर ते फक्त वेबपेज आहे, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. खऱ्या अँटिव्हायरसच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.

आता सध्याचं सांगतो. परवापासून मुनीमजींना नवीन फोन यायला लागले आहेत, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रोसेसिंग फी २,००० भरा. नंबर वेगळा, बोलायची पद्धत तीच. फसलेल्यांची यादी हे लोक एकमेकांना देतात. पोलीस किंवा बँक पैसे परत करायला फी मागत नाही. मुनीमजींनी या वेळी फोन माझ्या हातात दिला, तो नंबर आम्ही तक्रारीला जोडला आहे. तुमच्याकडे असा फोन आला तर तुम्हीही तेच करा.