पायथनचा क्लास दुसऱ्या मशीनवरून वापरायचाय: पायरो की जीआरपीसी?

एका मशीनवरच्या प्रोग्रॅममधून दुसऱ्या मशीनवरचा कोड चालवायची ही दोन साधने: पायरो पायथनसाठीचे, जीआरपीसी अनेक भाषांसाठीचे. दोन्ही मी कामात वापरले आहेत. आज माझा कल जीआरपीसीकडे आहे, पण पायरोबद्दल मनात आदर अजूनही तेवढाच आहे.

पायरोचा जन्म १९९८चा, जावाचा आरएमआय आणि कॉर्बा ही याच कामाची जुनी साधने जोरात होती तेव्हाचा. 'लांबचा ऑब्जेक्ट जवळचा वाटला पाहिजे' हा त्या काळचा आग्रह पायरो ५मध्येही दिसतो. क्लासवर एक्स्पोजचा डेकोरेटर लावा, तो डीमनकडे (सर्व्हरवर कॉल ऐकत बसणाऱ्या भागाकडे) नोंदवा, नेम सर्व्हरला (नावांची यादी ठेवणाऱ्याला) नाव द्या; क्लायंटला, म्हणजे वापरणाऱ्या प्रोग्रॅमला, त्या नावाने प्रॉक्सी (मूळ ऑब्जेक्टचा प्रतिनिधी) मिळते. सर्व्हरवर एक्सेप्शन आले तर तिकडचा पूर्ण ट्रेसबॅक (चूक कुठल्या ओळीतून आली त्याचा माग) इकडे वाचता येतो. जीआरपीसीत न हाताळलेले एक्सेप्शन 'अननोन' स्टेटस आणि एका ओळीचा मजकूर होऊन येते. ट्रेसबॅक शोधायला सर्व्हरच्या लॉगमध्येच जावे लागते. डीबगिंगला पायरोइतके सुख मला दुसरीकडे मिळाले नाही.

मग अडले कुठे? माझा क्लास बिलाचा हिशेब करणारा होता. रकमा डेसिमल या अचूक दशांश प्रकारात, कारण पैशाला फ्लोटचे अंदाजे दशांश चालत नाहीत. पायरोचा नेहमीचा सिरियलायझर (डेटा नेटवर्कवरून पाठवण्याजोगा करणारा भाग) सर्पंट. तो डेसिमल पाठवताना त्याची स्ट्रिंग करतो, आणि पलीकडे ती स्ट्रिंगच राहते. त्यामुळे क्लायंटवर '१००.५०' आणि '२०.००' यांची बेरीज '१००.५०२०.००' झाली. एरर नाही, वॉर्निंग नाही. तारखांचेही तेच: डेटटाइमची आयएसओ स्ट्रिंग होते. लहान-मोठे ठरवताना ती बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते, दोन टाइमझोन मिसळले की गुपचूप चुकते. अचूकता टिकावी म्हणून सर्पंटच्या लेखकाने डेसिमलसाठी स्ट्रिंग निवडली, हे मला पटते. पण अमुक मेथड पलीकडे नक्की काय देणार हे लिहून ठेवायला पायरोत जागाच नाही. प्रत्येक क्लायंटने ते लक्षात ठेवायचे.

डेसिमल तर जीआरपीसीतही नाही. पण तिथे प्रोटो फाइल (मेथड आणि डेटाचे प्रकार आधीच लिहून ठेवायची फाइल) लिहिताना प्रश्न समोर येतोच: रक्कम कोणत्या रूपात पाठवायची? मी रुपयांऐवजी पैशांत मोजलेला पूर्णांक ठरवला, इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक). त्या फील्डमध्ये स्ट्रिंग घातली की तिथल्या तिथे टाइपएरर येतो. मला हवे होते ते एवढेच.

याची किंमत मोजावी लागते. मेथड बदलली की प्रोटो बदला, पुन्हा कोड जनरेट करा. तो कोड पॅकेजच्या आत ठेवला की त्यातले इम्पोर्ट तुटतात आणि पाथची डागडुजी करत बसावे लागते. शिवाय मेसेज स्वीकारण्याची मर्यादा मुळात ४ एमबी असते. मोठा रिपोर्ट पाठवायचा तर ती वाढवा किंवा स्ट्रीमिंग करा, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी पाठवा.

प्रयोगशाळेतले उपकरण चालवणारा क्लास असेल, दोन्ही टोकांना पायथन आणि एकच टीम असेल, मेथड साधे आकडे नि लिस्ट देत असतील, तर मी आजही पायरोच घेईन. फक्त नेम सर्व्हरचा ९०९० हा पोर्ट त्याच मशीनवर प्रोमिथियस (सर्व्हरवर नजर ठेवणारे साधन) असेल तर त्याच्याशी भांडतो, तेवढा आधी बदलून घ्या. पैसे, तारखा किंवा उद्या येऊ शकणारा दुसऱ्या भाषेतला क्लायंट, यातले एकही असेल तर पहिली प्रोटो फाइल आजच लिहायला घ्या, असे मी सुचवेन.