ग्रँड चेरोकीचा मागचा वरचा आर्म: आधी शिव्या, मग माफी

माझा एक कोल्हापूरचा मित्र इथे जर्मनीत कार्ल्सरुहला असतो. त्याने गेल्या महिन्यात माझ्यासारखीच गाडी घेतली आणि चौथ्या दिवशी फोन केला, "अरे, मागून ठक् ठक् येतंय. तू कुठला आर्म टाकला होतास?" मी सांगायला लागलो, चाळीस मिनिटं झाली, शेवटी तोच म्हणाला, "लिहून पाठव बाबा." तर हे लिहून.

गाडी २००३ ची जीप ग्रँड चेरोकी, २.७ डिझेल. बाकी गाडीबद्दल काही लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना ती किती पिते ते माहीत आहे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी ते माहीत करून घेऊ नये. विषय एकच: मागच्या अ‍ॅक्सलचा वरचा तिकोनी आर्म, म्हणजे चाकांच्या आसाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा). मुठीत मावेल एवढी वस्तू. सव्वा वर्ष जीव खाल्लाय तिने माझा.

ह्या गाडीचं इंजिन मर्सिडीजचं, पाच सिलिंडरचं. १९९८ ते २००७ मर्सिडीजवाली डाइमलर आणि जीपवाली क्रायस्लर एका घरात नांदत होत्या, त्या संसारातली ही देणगी. गिअरबॉक्सही मर्सिडीजचाच. आणि मी राहतो मर्सिडीजच्याच गावात, श्टुटगार्टला! इंजिनाचं काहीही मागा, कोपऱ्यावरचा दुकानदार संध्याकाळपर्यंत आणून देतो, कारण तेच इंजिन मर्सिडीजच्या एमएल २७० मध्येही होतं. गाडी जोडलेली ऑस्ट्रियात, ग्राझला. (चासी नंबरातलं अकरावं अक्षर वाय असेल तर ग्राझची, सी असेल तर डेट्रॉइटची.) म्हणजे इंजिन माझ्या गावचं, जन्म शेजारच्या देशातला, पण गाडीखाली शिरलात की पक्की अमेरिकन. तिथल्या एका रबरी बुशसाठी, म्हणजे सांध्यातल्या रबराच्या कड्यासाठी, समुद्र ओलांडावा लागतो. निदान मला तसं वाटत होतं.

जून २०२४ मध्ये दोन वर्षांनी येणारी सक्तीची तपासणी होती. तपासणाऱ्याने मागच्या आर्मखाली पहार घातली, एकदा दाबली, आणि मला खाली बोलावून दाखवलं. जॉइंट चांगला पाच-सहा मिलिमीटर हलत होता. कागदावर 'एरहेब्लिशर मांगेल', मोठा दोष. एका महिन्यात दुरुस्त करून परत आणा. त्याचं काही चुकलं नाही. ह्या मॉडेलला मागे ट्रॅक बार, म्हणजे आसाला आडवा धरणारा दांडा, नाही, त्यामुळे अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू न देण्याचं कामही ह्याच एका आर्मकडे आहे. तिथे प्ले (ढिलेपणा) आला की ऑटोबानवर लेन बदलताना पुढची चाकं तुम्ही वळवता आणि मागची कुणी दुसराच. एकवीस वर्षं मूळ जॉइंट टिकला, त्याला माझा नमस्कार.

मग शोध सुरू. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मुलीने चासी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'एन्टफॅल्ट.' बाद. पर्यायी नंबर? तोही बाद. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं की आनंद नव्हता. संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "जीपचा पार्ट मिळत नाही म्हणजे काय?" त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या डोक्यातली जीप म्हणजे महिंद्राची. कमानीचा पाटा तुटला की कराडला लोहाराकडे टाकायची, तो ठोकून देईपर्यंत चहा घ्यायचा. ह्या जीपला कमानी नाहीत, स्प्रिंगा आहेत, हे त्यांना सांगून काही उपयोग झाला नाही.

इथल्या ऑनलाइन दुकानांत गाडीच्या कागदावरच्या २.१ आणि २.२ ह्या रकान्यांतले आकडे टाकले की तुमची गाडी ओळखली जाते. उत्तम सोय. पण मी स्वस्त बघून तिसऱ्याच एका दुकानातून 'ग्रँड चेरोकी, मागचा, वरचा' असं नाव वाचून मागवला. पार्सल उघडलं तर आत एक सरळ दांडा, दोन्ही टोकांना बुश. बॉल जॉइंट कुठेच नाही. तो १९९८ पर्यंतच्या मॉडेलचा होता. १९९९ ला गाडी बदलली तेव्हा जुन्या मॉडेलमधले फक्त १२७ भाग नव्यात आले, आणि ह्या दुकानदाराला वाटत होतं की सगळेच आले. परत पाठवायचा खर्च माझा: ९ युरो ४९. हे पैसे मी अजून विसरलेलो नाही.

अमेरिकेतल्या दुकानांची गंमत वेगळी. तिथे वर्ष निवडा, मॉडेल निवडा, मग इंजिन निवडा. यादीत ४.० आहे, ४.७ आहे, माझं २.७ डिझेल नाहीच. अमेरिकेत ते कधी विकलंच नाही. म्हणजे माझी गाडी त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. तेव्हा खोटं बोलायचं: ४.० पेट्रोल आहे म्हणायचं आणि पुढे जायचं. मागच्या आर्मला हे चालतं, तो सगळ्यांना एकच. पुढच्या स्प्रिंगांना मात्र हा शहाणपणा करू नका. डिझेल इंजिन जड आहे. पेट्रोलच्या स्प्रिंगा घातल्या तर गाडी पुढून नमस्काराला वाकल्यासारखी उभी राहील.

महिन्याची मुदत डोक्यावर होती, म्हणून मी पोलंडच्या एका दुकानातून आर्म घेतला. बुश आणि बॉल जॉइंटसह ८९ युरो. चार दिवसांत आला. जवळच्या एका वर्कशॉपने दोन तासांत बसवला, मजुरी १७४. दुसऱ्या दिवशी तपासणी पास. मी खूष, बायको खूष.

ऑक्टोबरमध्ये ठक् परत आलं.

तसंच. सिग्नलला निघताना एकदा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एकदा. मागच्या सीटवर मुलगी बसते, ती म्हणाली, "बाबा, कुणीतरी दार वाजवतंय." चार महिने! मी पोलंडला मेल लिहिला, फोटो जोडले, भाषा जरा कडकच वापरली. त्यांनी वाद न घालता अर्धे पैसे परत केले, ४४ युरो ५० सेंट. मी जिंकल्याच्या थाटात बायकोला दाखवले आणि ठरवलं की आता कंजुषी बास, अमेरिकेतूनच मागवायचा.

अमेरिकेत पर्याय बघून डोळे फिरतात. लांबी कमी-जास्त करता येणारे, ग्रीस भरायच्या निपलवाले, दुप्पट जाड. पण इथे मूळ रचनेपेक्षा वेगळा आर्म घालायचा तर त्याचं तांत्रिक प्रमाणपत्र लागतं, नाहीतर गाडीचा परवानाच धोक्यात. तेव्हा मुकाट्याने मूळ धाटणीचाच घेतला. हिशेब असा: आर्म १०९ युरो, भाडं ५९, झाले १६८. मालाची किंमत दीडशेच्या आत म्हणून तेव्हा जकात लागली नाही, पण १९ टक्के आयात-व्हॅट मालावर आणि भाड्यावर मिळून लागतो, ते ३२. आणि तो व्हॅट आपल्या वतीने भरल्याबद्दल कुरियरवाल्याची दक्षिणा १५. एकूण २१५. खालचे दोन आर्मही त्याच पार्सलमध्ये मागवणार होतो, पण मग दीडशेची रेषा ओलांडून जकात लागली असती, म्हणून थांबलो. हे वाचून हसू नका.

मजुरी वाचवायला ह्या वेळी स्वतःच बसवला. इथे भाड्याच्या वर्कशॉप असतात, तासाला लिफ्ट मिळते. मी गेलो तिथे १८ युरो. जुने बोल्ट सोडवायला पावणेदोन तास गेले, नवा आर्म बसवायला वीस मिनिटं. सूचनापत्रकावर टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते, फूट-पाउंडात, माझा पाना न्यूटन-मीटरचा, म्हणून १.३५६ ने गुणत बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या लिफ्टवरचे एक निवृत्त आजोबा, हात पुसत, माझ्या गाडीखाली येऊन उभे राहिले.

"बुशचे बोल्ट आत्ताच घट्ट करताय?"

"हो. का?"

"चाकं लोंबकळतायत तुमची."

एवढंच म्हणाले आणि वाट बघत राहिले, शाळेतल्या मास्तरांसारखे. मग समजावलं. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. गाडी हवेत असताना अ‍ॅक्सल खाली गेलेला असतो. तिथे बोल्ट आवळलात तर रबर त्या जागेला शून्य समजतं, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागून दोन-चार वेळा हिसके द्यायचे, आणि मग खाली सरपटून आवळायचे. गाडी उंच असल्याचा हा एक फायदा मला तीन वर्षांत पहिल्यांदा झाला. पाठीखाली पुठ्ठा, तोंडावर एकवीस वर्षांचा चिखल.

त्याला आता अकरा महिने झाले. साडेचौदा हजार किलोमीटर, दोनदा गार्डा लेक, एकदा आल्प्सच्या घाटात तुफान पाऊस. आवाज शून्य. मागची चाकं पुढच्यांचं ऐकतात. ट्रॉली लावूनही फरक नाही. तेव्हा निकाल सरळ होता: अमेरिकन आर्म पाचपैकी पाच, पोलंडचा पाचपैकी एक, आणि तो एक वेळेवर आल्याबद्दल.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. पुढचं बुधवारी लिहितोय.

मित्राला फोटो पाठवावा म्हणून तळघरातून तो पोलंडचा आर्म वर आणला. टाकवत नाही म्हणून ठेवला होता. माझ्या घरात काही टाकलं जात नाही. व्हाइसमध्ये धरला आणि बॉल जॉइंटला पहार लावली. हलेना. जोर लावला, तरी नाही. काल घेतल्यासारखा घट्ट, रबरी टोपीसुद्धा धड. मग बुश बघितले. दोन्ही बुशांचं रबर आतल्या नळीपासून गोल सुटलेलं, आणि दोन्हीकडे एकाच दिशेने पिळलेलं, ओलं फडकं पिळून ठेवल्यासारखं. मी दिव्याखाली पाच मिनिटं ते फिरवून फिरवून बघत होतो.

आर्म चांगला होता. वर्कशॉपने गाडी हवेत असतानाच आवळला होता. दोन तासांत काम झालं म्हणून मी कौतुक केलं होतं, ते दोन तासांत का झालं हे आता कळलं. आजोबांनी सांगितलं तेव्हा मी नव्या आर्मपुरतं ऐकलं. जुन्याचं तेच झालं असेल हे अकरा महिने डोक्यात आलं नाही.

तेव्हा वरचा निकाल रद्द. पोलंडचा आर्म पाचपैकी चार (एक कापला, कारण गंज लवकर धरलाय). अमेरिकन आर्म पाचच, पण २१५ युरो द्यायची काही गरज नव्हती. बसवणी पाचपैकी शून्य. आणि बुश इथेच सुटे मिळतात, ११ युरोला एक, हे सोमवारी पाहिलं. समुद्र वगैरे ओलांडायची गरज नव्हती, एक प्रेस आणि योग्य मापाची नळी लागते फक्त. आजोबांकडे दोन्ही आहे. काल जाऊन बसवून आणले.

पोलंडच्या दुकानाला ४४ युरो ५० सेंट परत पाठवायचे का, ह्यावर घरात चर्चा चालू आहे. बायको म्हणते पाठव. मी म्हणतो माफीचा मेल तर पाठवतोच.

मित्राला रात्री फोन केला. "तुला आर्म मागवायची गरज नाही. माझ्याकडे आहे, बुश नवीन घातलेत. पण वर्कशॉपमध्ये तू स्वतः उभा राहा, आणि गाडी चाकांवर असल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नकोस."

"देव माणूस आहेस. शनिवारी येतो न्यायला."

"ये. बुशचे बावीस युरो तेवढे आण."

"मित्राकडून पैसे घेतोस?"

"आर्म फुकट देतोय ना!"

"बरं, वीस घे."