ऐकला एक नग, घरी आला दुसरा

मागच्या दसऱ्यानंतर बेळगावच्या बाजारपेठेतील एका दुकानातून मी 8,800 रुपयांना एक हेडफोन घेतला आणि तो बनावट निघाला. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून निकाली निघालेली नाही. मात्र ही फसवणूक ज्या पद्धतीने झाली ती पद्धत इतकी साधी आहे, आणि माझ्यासारख्या चौकशी करूनच खरेदी करणाऱ्या माणसालाही ती इतकी सहज लागू पडली, की निपाणी, संकेश्वर, खानापूर या भागांतून रोज बेळगावला जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मी निपाणीला राहतो आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वर, हत्तरगी, काकती असे करत बस बेळगावला पोचते, तोवर पावणेदोन तास झालेले असतात आणि परतीलाही तेवढाच वेळ जातो. म्हणजे आठवड्याच्या सहा दिवसांत माझे एकवीस तास बसमध्ये जातात. या वेळेत मी शास्त्रीय संगीत ऐकतो. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली याच जिल्ह्यातील सुळेभावीचा. आमच्या घरी वडिलांपासून त्यांचे गाणे ऐकले जाते आणि तीच सवय मला लागली. मात्र बसमध्ये साध्या इअरफोनवर गाणे ऐकताना तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नसे, केवळ गायकाचा आवाज अधांतरी चालल्यासारखा वाटे. हे का होते याचा मी शोध घेतला आणि त्यातूनच हेडफोन घेण्याचे ठरवले, म्हणून ते कारण आधी सांगतो.

सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला 1400 फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला तीन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला सत्तर ठोके पडतात. काळी एकच्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार सेकंदाला सुमारे 69 वेळा कंप पावते. बसची घरघर आणि खर्ज असे एकाच जागी येतात, आणि त्यात जो मोठा असतो तो दुसऱ्याला झाकून टाकतो. आवाज वाढवला की गायकाचा स्वर कानात टोचतो, तरीही खर्ज मिळत नाही. यावर उपाय म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारा हेडफोन. त्याच्या बाहेरच्या बाजूला छोटे मायक्रोफोन असतात. ते घरघर टिपतात, आतील यंत्रणा तिच्या नेमकी उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी कानाशी एकमेकींना मारतात. अमर बोस यांना ही कल्पना 1978 साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली आणि वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडफोन 1989 साली बाजारात आला. ही युक्ती सलग चालणाऱ्या खालच्या आवाजावरच चांगली चालते, कारण अशा घरघरीच्या लहरी जवळजवळ पाच मीटर लांबीच्या असतात आणि त्यांना गाठायला वेळ मिळतो. शेजारच्या प्रवाशाचे बोलणे किंवा हॉर्न यांच्यासमोर तिचा फारसा उपयोग होत नाही. तेथे कानाभोवतीची गादीच कामाला येते.

इतके सगळे वाचून, एका नामवंत कंपनीचे एक मॉडेल मनाशी ठरवून मी त्या दुकानात गेलो. कंपनीची किंमत पंधरा हजारांच्या आसपास होती. काउंटरवरच्या मुलाने साडेनऊ हजार सांगितले, शेवटी 8,800 ला ठरले. ही किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, आणि माझ्या मते हीच या धंद्यातील खरी हुशारी आहे. दोन हजार सांगितले असते तर मी तेथून उठलो असतो.

त्याने शोकेसमधला नग काढून माझ्या हातात दिला. मी माझा मोबाईल जोडला, यमनची विलंबित बंदिश लावली आणि जवळजवळ वीस मिनिटे तेथे उभा राहून ऐकत राहिलो. बाहेर गल्लीत रिक्षांचा आणि मोटारसायकलींचा गोंगाट होता, तो बटण दाबताच दूर गेला. खर्ज स्वच्छ ऐकू आला. तार छेडल्यानंतर तिच्यातून हळूहळू उलगडत जाणारा गंधारसुद्धा ऐकू आला. चष्मा असूनही कानशिलाला दाब जाणवला नाही. मी समाधानाने मान हलवली आणि मुलगा म्हणाला, "काका, हे डिस्प्लेचं पीस आहे, दहा जणांनी डोक्यावर चढवलंय. तुम्हाला आतनं सीलबंद देतो की." मला ते सौजन्यच वाटले. दुसऱ्याच्या घामाने भिजलेली गादी कोणाला हवी असते? आतून प्लॅस्टिकने गुंडाळलेले खोके आले. पक्के बिल मागितल्यावर तो म्हणाला, "बिल घेतलं तर वर अठरा टक्के जीएसटी लागंल बघा, तुमचाच तोटा." मी पाच हजार यूपीआयने आणि उरलेले रोख दिले, एका चिठ्ठीवर रक्कम आणि दुकानाचा शिक्का घेतला आणि शेवटची बस चुकू नये म्हणून स्थानकाकडे निघालो.

बिलाविषयीचे ते वाक्य म्हणजे या फसवणुकीचा दुसरा पाय होता, हे मला फार उशिरा कळले. खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, त्यामुळे बिल दिल्याबद्दल त्याहून वर कर मागता येत नाही. आणि त्याहून कमी भावात माल विकणाऱ्या दुकानदाराने आपल्या भावातच कर धरलेला असायला हवा. बिल टाळण्याचे कारण कर नसून त्या बिलावर लिहावा लागणारा नगाचा क्रमांक हे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी खोके फोडले. हेडफोन दिसायला हुबेहूब तोच होता. रंग, नक्षी, बटणांच्या जागा, सगळे तसेच होते. मात्र डोक्यावर ठेवताच काहीतरी चुकल्याचे जाणवले. गादीचे भोक लहान होते, त्यामुळे कानाची पाळी आत न बसता कडेवर दाबली जात होती, आणि आतला कपडा इतका पातळ होता की त्याखालची कडक जाळी कानाला लागत होती. बटण दाबल्यावर एक स्त्री इंग्रजीत गोंगाट बंद झाल्याचे जाहीर करत असे, पण इंजिन पूर्वीसारखेच घरघरत राही. केवळ गाण्याचा पोत थोडा बदले. तबल्याचा डग्गा फुगून धबधब वाजत होता आणि तानपुऱ्याच्या जागी एक अस्पष्ट गुणगुण होती. संकेश्वर येईपर्यंत चष्म्याच्या काड्यांखाली कानशिले ठणकू लागली, म्हणून मी तो काढून मांडीवर ठेवला. आपल्याच कानांचा काही दोष असेल, दुकानात उत्साहाच्या भरात अधिक चांगले वाटले असेल, अशी मनाची समजूत घालत मी चार दिवस काढले. ते चार दिवस मी वाया घालवायला नको होते.

पाचव्या दिवशी रविवार होता. स्वयंपाकघरात फ्रीज चालू असताना मी गाणे न लावता हेडफोन चढवला आणि बटण दाबून पाहिले. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची हूं अशी सलग गुणगुण खरी यंत्रणा असती तर लगेच कमी झाली असती. येथे तिच्यात काडीचाही फरक पडला नाही. गोंगाट कमी करतो असे सांगणारा कोणताही हेडफोन घरी आणल्यावर पहिल्या तासात करून पाहावी अशी ही चाचणी आहे. नंतर मी समोरच्या किराणा दुकानात जाऊन तो काट्यावर ठेवला. कंपनीच्या माहितीपत्रकात अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन दिलेले होते, काट्यावर 168 दिसले. कंपनीच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये तर तो दिसलाच नाही.

मग मी खोके निरखून वाचले, जे मी पैसे देण्यापूर्वी वाचायला हवे होते. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव आणि पूर्ण पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. येथे आयातदाराच्या पत्त्याच्या जागी केवळ शहराचे नाव होते आणि महिना-वर्षाची जागा कोरी होती. बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीच्या चिन्हाजवळ आर या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाची आणि कोणत्या वस्तूची आहे ते समजते. माझ्या खोक्यावर क्रमांक होता. तो टाकला, तेव्हा दुसऱ्याच एका उत्पादकाच्या मोबाईल चार्जरची नोंद समोर आली. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत हे करता आले असते.

सोमवारी मी सगळे घेऊन दुकानात गेलो. तोच मुलगा होता. त्याने हेडफोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा आमच्याकडनं गेलेला नव्हे हो काका. आमचा माल असला नसतो, हा बघा." असे म्हणून त्याने शोकेसमधला तोच खरा नग पुन्हा माझ्यासमोर ठेवला. त्या क्षणी मला सगळे उमगले. तो खरा नग हे त्या दुकानाचे भांडवल आहे. तो कधीच विकला जात नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला जातो आणि आतून दुसरेच दिले जाते. मी वीस मिनिटे जे काळजीपूर्वक ऐकले, त्याचा माझ्या खरेदीशी काहीही संबंध नव्हता. माझ्याकडच्या चिठ्ठीवर मॉडेलचे नाव नव्हते, क्रमांक नव्हता, आणि यूपीआयचे पैसे दुकानाच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या खात्यावर गेलेले होते.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे एवढेच आहे की, जो नग ऐकला तोच घ्यावा, मग तो शोकेसमधला असला तरी चालेल. गादी पुसता येते. सीलबंदच हवा असेल तर पैसे देण्यापूर्वी तो काउंटरवर फोडून घ्यावा, आपल्या मोबाईलला जोडावा आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दिसतो का ते पाहावे. हेडफोनवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक जुळवून तिन्हींचे फोटो काढावेत. मात्र केवळ क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर खरा दिसतो म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण एका खऱ्या नगाचा क्रमांक शेकडो नकली नगांवर छापता येतो.

पैशांपेक्षा मला कानांची काळजी अधिक वाटते. पहिल्या चार दिवसांत खर्ज ऐकू यावा म्हणून मी आवाज वाढवत गेलो होतो आणि संध्याकाळी घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 83 डेसिबलला वीस तास. माझा प्रवासच एकवीस तासांचा आहे. ज्यांची मुले निपाणी-चिकोडीहून बेळगावच्या कॉलेजांना बसने जातात आणि असले नकली हेडफोन पूर्ण आवाजावर लावून बसतात, त्यांच्या पालकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे.

सध्या मी तारेचे, कानात बसणारे साधे इअरफोन वापरतो. त्यांच्या सिलिकॉनच्या टोप्या तीन मापांत मिळतात आणि योग्य मापाची टोपी घट्ट बसली की बराचसा गोंगाट बाहेर राहतो, चष्म्याचीही आडकाठी होत नाही. इंजिनाची घरघर पूर्ण जात नाही, पण घाट संपून बस सपाट रस्त्याला लागली की खर्ज मिळतो.

तक्रारीचे म्हणाल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. मी तेथे नोंद केली, पण दुकानदाराने उत्तर दिले नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कागद जमवत आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही आणि ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. आपल्या सीमाभागाला ही तरतूद फार उपयोगाची आहे. चंदगडचा माणूस बेळगावात फसला तर तो कोल्हापूरच्या आयोगाकडे जाऊ शकतो आणि आमच्यापैकी कोणी कोल्हापुरात फसला तर त्याला बेळगावात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची असते. मी तो हेडफोन, खोके, शिक्क्याची चिठ्ठी, यूपीआयची पावती आणि काट्यावरच्या वजनाचा फोटो एका पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. मुदतीपैकी चौदा महिने अजून बाकी आहेत. त्याच दुकानातून सीलबंद खोके घेतलेले आणखी कोणी असतील आणि त्यांच्याकडे पक्के बिल असेल, तर ते त्यांनी फेकून देऊ नये.